भुऱ्या कुणाच्या शब्दावर जेवला

आमच्या घरी देवाचं सगळं बाबा करायचे. मी फक्त प्रसाद खायचो. नागपूरच्या इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर पितळ-स्टीलच्या खणखणाटात बसणाऱ्याला देव कसा ऐकू येणार, असं मी म्हणायचो आणि गिऱ्हाइकं हसायची. तेव्हा अशा माणसाला आलेला अनुभव कुणी खरा मानावा असा माझा आग्रह नाही. मला स्वतःलाच अजून कधी कधी शंका येते. शिवाय मी बोलका नाही, बायको मला घुम्या म्हणते. पण ही गोष्ट पोटात ठेवून मला बरं वाटेनासं झालं आहे. माझं जे चुकलं ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको. ज्या कुत्र्याला सांभाळायचा शब्द मी गेलेल्या बापाला दिला होता, त्याला मी रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटावर सोडून आलो. आणि तिथे तो काहीही खाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

भुऱ्या गावठी कुत्रा. दुकानामागच्या गोदामात पुठ्ठ्यांच्या ढिगात बाबांना तो पिल्लू असताना सापडला. मातीच्या रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. तो जरा मोठा झाला आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीत कुणीतरी कणकेच्या गोळ्यांत विष घालून टाकलं. मोकाट कुत्री तडफडून मेली. बाबांनी त्या दिवसापासून भुऱ्याला शिकवायला घेतलं. मुठीत पोळीचा तुकडा धरायचे. तो मूठ चाटायचा, नखांनी उकरायचा, रडायचा. मूठ उघडायची नाही. थकून तो मागे सरकला आणि तुकड्याकडे पाहायचं सोडून बाबांच्या डोळ्यांत पाहू लागला, की मूठ उघडायची. मग तुकडा जमिनीवर आणि वर तळहात. मग तळहात काढून घेऊन. मग शेजाऱ्यांच्या हातून, रस्त्यावर, खाटकाच्या दुकानासमोर. हात कधी उगारला नाही त्यांनी. भुऱ्या चुकला तर त्याचं ताट उचलून घ्यायचे आणि त्या वेळी स्वतःही जेवायचे नाहीत. दोघं उपाशी बसायचे, एकमेकांकडे बघत.

शेवटी भुऱ्याचं जेवण म्हणजे एक विधीच होऊन बसला. बाबा त्याच्यापुढे भाकर-दूध ठेवायचे, रामटेकच्या गडाच्या दिशेला हात जोडायचे, "रामा, तुझंच आहे" म्हणायचे, आणि मग भुऱ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "जेव गा बाप्पा." तेवढं ऐकलं की तो मान खाली घालायचा. त्याआधी लाळेचा थेंब फरशीवर पडला तरी तोंड लावायचा नाही. पाहुण्यांना मोठं कौतुक वाटायचं. मला मात्र तो हट्टीपणा वाटायचा, बाबांचा आणि कुत्र्याचाही.

बाबांचा दमा वाढला तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घ्यायला सुरुवात केली. ताट मी ठेवायचं, हात मी जोडायचे, शब्द मी बोलायचा, आणि बाबांचा हात माझ्या हातावर. भुऱ्या आधी माझं ऐकेच ना. बाबा धापा टाकत सांगायचे, "पुन्हा म्हन. मनापासून म्हन. दुकानात भाव सांगतो तसा नको म्हनू." मी वैतागून एकदा म्हणालो, "बाबा, भूक लागली की कोणीही खाते. कुत्रंच आहे ते." ते म्हणाले, "तुले नाही समजत. भूक त्यालेही लागते. पण त्याच्यासाठी शब्द मोठा आहे. उद्या मी नसलो अन् तू नसला, त हा ताटासमोर बसून मरन." काही आठवड्यांनी भुऱ्या माझ्या शब्दावर जेवू लागला. बाबांनी मग खाट धरली, जणू तेवढंच काम उरलं होतं.

संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. आमचं मूळ गाव रामटेकजवळचं, म्हणून दहावा अंबाळा तलावावर केला. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. घाटावरच्या झाडावर कावळे भरपूर, पण एकही खाली उतरायला तयार नाही. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे, त्या वेळी सगळे एकमेकांची तोंडं बघू लागतात. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ज्याला त्याला शोधावं लागतं. काका म्हणाले, नातीचं बाळंतपण नीट करू. मी म्हणालो, दुकान मोडणार नाही. कावळे तसेच. गुरुजी म्हणाले, "बोला, काही राहून गेलं असन त बोला. ऊन वाढून राहिलं." तेव्हा माझी आत्या मागून म्हणाली, "काहून रे, त्या कुत्र्याचं बोल ना. माया भावाचा जीव त्याच्यातच होता." मला लाज वाटली, इतक्या लोकांत कुत्र्याचं काय बोलायचं. तरी हात जोडून म्हणालो, "बाबा, भुऱ्याले मी सांभाळतो. तो उपाशी नाही राहणार." वाक्य पुरं व्हायच्या आत पंखांचा आवाज झाला. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हटलं, योगायोग आहे. घरी येईपर्यंत विसरलोही.

भुऱ्या मात्र विसरला नव्हता. चैत्र लागला, नागपुरात दुपारी बाहेर चिटपाखरू दिसेना, घराघरांतून फक्त कूलरची घरघर. मी जेवायला दुकानातून घरी यायचो ते खरं म्हणजे भुऱ्याला जेवू घालण्यासाठी. सकाळी एकदा, दुपारी एकदा मी तो शब्द बोलायचाच, नाहीतर तो उपाशी. आणि दुपारी बाराच्या सुमाराला रोज एक गोष्ट व्हायची. भुऱ्या झोपेतून उठायचा, बाबांच्या खोलीत जायचा, रिकाम्या खाटेसमोर बसायचा. उशाकडे तोंड. उभा कान पुढे व्हायचा, मागे व्हायचा, मान एका बाजूला कलायची, जशी कुणाचं बोलणं नीट ऐकताना कलते. मग शेपटी फरशीवर आपटायची. खोलीत काही नसायचं. गादीसुद्धा आम्ही काढून टाकली होती.

बायकोनं ते स्वयंपाकघरातून पाहिलं आणि कणीक मळता मळता थांबली. "अहो, हा कोणाचं ऐकून राहिला?" मी म्हणालो, पाल असेल. ती म्हणाली, "पालीसमोर कोणी शेपूट हलवते का?" पुढच्या महिन्यात आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी येणार होती. बायको घाबरली. आल्यागेल्यानं भर घातली, की मेलेल्या माणसाचा लळा लागलेलं जनावर ओल्या बाळंतिणीच्या घरात नको. त्यात भुऱ्याला गोचिड्या झाल्या होत्या, तो मलूल दिसत होता. अशी कारणं जमत गेली आणि मीही ती जमू दिली. पण आज खरं सांगतो, ती सगळी लोकांना सांगायची कारणं होती. माझं कारण वेगळं होतं. मला कंटाळा आला होता. उन्हातान्हात इतवारीच्या गर्दीतून, हातगाड्या चुकवत, एका कुत्र्याला "जेव" म्हणायला घरी यायचं, याचा मला कंटाळा आला होता. बाबा गेले तरी त्यांचा हात माझ्या हातावरून हटत नव्हता.

आमच्याकडे पुष्कळ लोक म्हातारं जनावर देवाच्या दारात नेऊन सोडतात. देवाच्या दारात कुणी उपाशी मरत नाही, असं म्हणून मन मोकळं करून घेतात. मीही तेच म्हटलं. बायकोला सांगितलं की रामटेकजवळ ओळखीच्या एकाच्या शेतावर देतो. सकाळीच भुऱ्याला कारमध्ये बसवलं. कारमध्ये बसायला त्याला फार आवडायचं. कामठी, कन्हान, मनसर, तो सबंध वाट खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा पीत होता. अंबाळ्यावर उतरलो. जिथे बाबांचा पिंड ठेवला होता त्याच्या जवळच्या पायरीवर मी बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला. भुऱ्या समोर बसला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी तो शब्द बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं खाल्लं असतं आणि तो माझ्यामागे पळत आला असता. न बोलल्यामुळे तो हलणार नव्हता. हे मी ऐन वेळी सुचून केलं नाही, घरून ठरवून गेलो होतो. बाबांनी त्याला वाचवण्यासाठी जे शिकवलं, त्याचीच मी त्याला दोरी केली. गाडी वळवताना आरशात दिसला. बिस्किटांसमोर ताठ बसलेला, माझ्या दिशेला बघत.

घरी बायकोनं विचारलं, "जेवते का तिथं?" मी म्हणालो, "जेवते." त्या दुपारी दुकानात डबा उघडला आणि घास तोंडात फिरत राहिला, गिळेना. घसा धरला असेल म्हणून मी ताक पिऊन राहिलो. दुसऱ्या दिवशी तसंच. सकाळ-संध्याकाळ थोडं जायचं, पण दुपारचा घास काही खाली उतरायचा नाही. डॉक्टरांनी घशात टॉर्च मारून पाहिलं, काही नाही म्हणाले. आठवडा उलटला असेल. एका संध्याकाळी घरी आलो तर बायको सांगते, "तुमच्या त्या शेतवाल्यानं नीट बांधलं नाही वाटते. भुऱ्या आला होता दुपारी."

मी चपला काढता काढता थांबलो. ती आपल्याच नादात सांगत होती. "जाळीच्या दारात बसला होता, अगदी वाळला. मले दया आली, मी पोळी टाकली. खाल्ली नाही. माया तोंडाकडेच पाहे. मी म्हटलं खा ना रे, त नाही. पाणी आणायले आत गेली अन् वापस येते त गायब. फाटक बंदच होतं, कुठून गेला देव जाणे." दाराबाहेरच्या पायरीवर पोळी तशीच होती. तिला मुंग्या लागल्या होत्या. रामटेक काही हाकेच्या अंतरावर नाही. आणि तो आला असता तर गेला कशाला असता? मला मनापासून भीती वाटत होती, आणि ती भुताखेतांची नव्हती. भुऱ्या तिकडे मेला असेल आणि जाताना एकदा घर बघून गेला असेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

सकाळी दुकान न उघडता निघालो. बायकोनं नेहमीसारखा डबा दिला, तो तसाच शेजारच्या सीटवर टाकला. वाटेत रामाचं नाव घ्यावंसं वाटलं आणि घेता आलं नाही. कोणत्या तोंडानं घेणार? अंबाळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तलावाचं पाणी हिरवं, स्थिर, भोवतीच्या टेकड्या तापून पांढुरक्या झालेल्या. आणि भुऱ्या तिथेच होता. त्याच पायरीवर. जिवंत. पाण्याकडे तोंड करून बसलेला. मी हाक मारली. त्यानं कान हलवला, वळून पाहिलं नाही.

घाटावर द्रोण, पत्रावळी, कापूर विकणारी एक बाई बसते. ती मला निरखत होती. "कुत्रं तुमचं हाये का?" मी हो म्हणायला जरा वेळ लावला. ती म्हणाली, "मंग काहून सोडलं गा भाऊ? लोकं येते पिंडदानाले अन् जातानी कुत्रं सोडून जाते. देवाच्या दारात उपाशी नाही मरत मनते. नाही मरत, खरं हाये. पण तुमच्या यानं त एकादशीच धरली. बिस्किटं मुंग्यायनं नेले, हा पाहत रायला. भात टाकला, तेरवीची बुंदी टाकली, माही म्हैस याच्या नाकासमोरून खाऊन गेली. हा हूं का चूं करत नाही."

"मग जगला कसा?" मी विचारलं.

ती द्रोणांची चळत नीट करू लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुपारी खाते ना."

"कोण घालतं?"

"थेच त. घालत कोणीच नाही. बारा वाजू द्या, पाहा आपल्या डोळ्यानं. आमी नाही पाहत त्या वेळेस तिकडे."

मी घाबरतच विचारलं, की काल दुपारी हा कुठे गेला होता का. ती म्हणाली, "कुठं जाते? इथंच होता. पण काल खायले उठलाच नाही तो. डोळे मिटून बसला होता, जसा गावाले गेला काही."

सावलीत बसून राहिलो. पुढे जे पाहिलं ते जसं पाहिलं तसं सांगतो. दुपार भरली. पिंडाची माणसं आटोपून गेली, कावळेही गप्प झाले. वारा पडला. भुऱ्या उठला आणि पायऱ्या उतरत पार पाण्याजवळच्या शेवटच्या पायरीवर गेला. तिथे कुणी नव्हतं. तो बसला, मान वर केली, जशी माणसाच्या तोंडाकडे बघायला वर करतो तशी. कान पुढे, मागे. मान कलली. शेपटी दगडावर आपटू लागली, तो आवाज मला वरपर्यंत येत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि कोरड्या दगडावर जेवू लागला. दगडावर काही नव्हतं. मी नंतर जाऊन हात लावून पाहिलं, तापलेला काळा दगड होता. पण त्याचा जबडा हलत होता, दातांचा आवाज येत होता. खाऊन झाल्यावर ओठ चाटत तो वर आला आणि आपल्या जागी बसला. द्रोणवाली बाई पाठ करून बसली होती.

मी डबा उघडला. बाईकडून म्हशीचं दूध मागून घेतलं, पोळी त्यात कुस्करून एका द्रोणात त्याच्यासमोर ठेवली. गडाच्या दिशेला हात जोडले, "रामा, तुझंच आहे" म्हणालो, आणि म्हणालो, "जेव गा बाप्पा." भुऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीचाच माणूस, पण ज्याचं आता आपल्याकडे काही काम नाही, अशाकडे बघतात तसं. खाल्लं नाही. मी पुन्हा म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझ्याच कानाला ऐकू आलं की मी दुकानात भाव सांगतोय. त्यानं तोंड पाण्याकडे वळवलं. माझा शब्द संपला होता. ज्या शब्दाचा मला इतका कंटाळा आला होता, तो आता माझ्याकडे राहिलाच नव्हता. घरी नेलं तरी हा माझ्या हातचं खाणार नाही, आणि इथे दगडावरच्या जेवणानं किती दिवस जगणार? उचलून नेलं तर घरी मरेल, ठेवलं तर इथे मरेल. मला काय करावं ते कळेना.

मग मी बोललो. मोठ्यानं बोललो, बाई ऐकत होती तरी. तलावाकडे पाहून म्हणालो, "बाबा, मी शब्द मोडला. याले मी इथं उपाशी बसवून गेलो. मले माहीत होतं अन् तरी गेलो. मले कंटाळा आला होता, दुसरं काही नाही." वाटलं होतं, एवढं कबूल केल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. भुऱ्या हलला नाही. पाणीसुद्धा हललं नाही. त्या वेळी माझ्यातलं काहीतरी सुटून गेलं. कबुली देऊनसुद्धा मी बदल्यात मागतच होतो, हे लक्षात आलं. गडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "रामा, हा तुझा आहे. बाबाही तुझे. मी मधे आहे तो कोण? याला जगव. माझ्या हातून नको असेल तर नको."

द्रोण तिथेच राहू दिला. डब्यातली दुसरी पोळी काढून पायरीवर बसलो. उन्हं कलायला लागली होती आणि मागून पाठ भाजत होती. घास मोडला आणि हातातच धरला, खाता येत नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. भुऱ्या उठला, माझ्यासमोर येऊन द्रोणापाशी बसला. मी बोललो नाही. बोलायचा हक्क नव्हता म्हणून बोललो नाही. आणि तेव्हा भुऱ्यानं माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या वर, मागे, पाहिलं. उभा कान पुढे झाला. मान कलली. माझ्या पाठीवरचं ऊन एकदम कमी झालं, कुणी मागे येऊन उभं राहिल्यावर होतं तसं. समोरच्या दगडावर सावली मात्र माझी एकट्याचीच होती. मागे वळून पाहायची मला छाती झाली नाही, आणि आज वाटतं, न पाहिलं तेच बरं झालं. भुऱ्याची शेपटी एकदा हलली. मग त्यानं मान खाली घातली आणि जेवला. दुधात कुस्करलेली खरी पोळी, द्रोण चाटूनपुसून. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. जे बोललं गेलं ते त्याला ऐकू आलं. पाठीवर पुन्हा ऊन लागायला लागलं तेव्हा माझ्याही हातातला घास तोंडात गेला, आणि उतरला.

बाईनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "आता नेतानी गाडीत पुढं बसवा त्याले, मागं नको." भुऱ्या आपणहून गाडीत चढला. मी गडाकडे तोंड करून तिथेच, मातीत, डोकं टेकलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं नसताना टेकलं.

थेट नागपुरात सदरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. रक्त तपासलं, गोचीड ताप निघाला. सलाइन लावली, महिनाभराच्या गोळ्या दिल्या, आणि अंगावरच्या गोचिड्या वेळेवर काढल्या असत्या तर हे झालं नसतं म्हणून मला झापलं. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "पण काका, तुम्ही म्हणता तितके दिवस हा खरंच उपाशी असता, तर वाचला नसता. कोणीतरी याला खाऊ घालत होतं." मी म्हणालो, "हो." कोण ते तिनं विचारलं नाही, बरं झालं.

घरी बायकोला सगळं सांगितलं, शेताच्या खोटेपणापासून. मला वाटलं, चिडेल. ती भुऱ्याच्या अंगाला औषध लावत म्हणाली, "शेतावर दिला म्हणाले त्या दिवशी तुमी भातावर वरण नव्हतं घेतलं. तवाच समजलं मले, काहीतरी केलं तुमी." मग म्हणाली, "मीही नको म्हणत होती ना त्याले. एकट्यानं डोक्यावर घेऊ नका." मुलगी आली, नातू झाला. बायकोनं काळा दोरा बाळालाही बांधला आणि कुत्र्यालाही, एकाच रिळातला. म्हणाली, दोघायवरही बाबांचीच नजर आहे, चांगली असन त असू दे.

दुपारी भुऱ्या आता खाटेसमोर जाऊन बसत नाही. पण जेवणाचं त्यानं बदललं ते बदललंच. तो शब्द मी परत कधी बोललो नाही. औषधाची गोळी पोळीत दडवून ताट समोर ठेवतो, हात जोडतो आणि गप्प बसतो. आधी वाटायचं, मी याला शिकवतो आहे, मग वाटलं, बाबांनी मला शिकवलं. आता वाटतं, आम्हा तिघांनाही कुणीतरी एकाच वेळी हाताशी धरून बसवलं होतं. मूठ उघडायची वेळ त्याची असते. आपण तुकड्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघायचं, एवढंच आपल्या हाती आहे. मला ते कळायला एका मुक्या जिवाला उपाशी बसावं लागलं, याचं ओझं माझ्यावर आहे आणि ते राहावं. तरीही त्या ओझ्यासकट मला परत जागा मिळाली, म्हणून रामरायाचे उपकार मानतो.

भुऱ्या ताटापुढे बसतो, माझ्या खांद्यावरून मागे पाहतो, आणि खाली मान घालतो. बहुतेक दिवस लगेच. एखाद्या दिवशी मात्र बराच वेळ लागतो, तो मान तिरकी करून माझ्याआड काही दिसत नसल्यासारखा बघत राहतो. त्या दिवशी मी थोडा बाजूला सरकतो.